येईल त्या भावाला आमचाच

मंडळी, आजचा विषय कबड्डीच्या लिलावाचा आहे, पण सुरुवात शेतापासून करतो. औंढ्यात बसून बोलायचं आणि शेत सोडून सुरुवात करायची, हे आम्हाला जमणार नाही.

समजा, तुमच्या चुलतभावाला पाच एकर विकायचे आहेत. बाहेरगावचा एक माणूस येतो, शेत फिरून बघतो, विहीर बघतो, भाव सांगतो. तुम्ही पुढे होता आणि म्हणता, तो देईल तेच आम्ही देतो, जमीन घरातच राहू द्या. ऐकायला चांगलं वाटतं. गाव पण मान डोलावतं. आता त्या बाहेरच्या माणसाच्या जागी बसून बघा. त्याने येण्याजाण्याचा खर्च केला, कागद तपासले, आणि त्याच्या मेहनतीचा उपयोग काय झाला, तर तुम्हाला भाव कळला. पुढच्या वेळी तो येत नाही. आला तर मनापासून भाव सांगत नाही. म्हणजे नुकसान कोणाचं झालं? चुलतभावाचं, ज्याची जमीन होती.

प्रो कबड्डी लीगमध्ये हाच हक्क एका कार्डाच्या रूपाने संघांना मिळालेला आहे. फायनल बिड मॅच, बोलण्यात एफबीएम. गेल्या मोसमात खेळाडू ज्या संघाकडे होता, तो संघ लिलावात गप्प बसून राहू शकतो. इतर संघ बोली चढवत नेतात, आकडा थांबतो, आणि मग जुन्या संघाला विचारलं जातं, कार्ड वापरणार का? त्यांनी कार्ड वर केलं की त्याच आकड्याला खेळाडू परत त्यांचा. नाही केलं, तर गेला. निर्णय काही क्षणांत घ्यायचा असतो, आणि दूरदर्शन संचाचा कॅमेरा नेमका तेव्हा त्या टेबलावर लागलेला असतो. आम्हाला वाटतं, सगळ्या लिलावात एवढीच एक जागा आहे जिथे संघाचा खरा स्वभाव कळतो. बाकी सगळं दुसऱ्याच्या बोलीवर बोली.

आता आपल्या माणसाचं उदाहरण घेऊ. सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी हे त्याचं गाव. 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं. पहिलाच मोसम, आणि पोराने 21 सामन्यांत चढाईचे 218 गुण काढले. ते बघायला आपण सगळे जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसत होतो, हे कबूल करायला हरकत नाही. एप्रिल 2019 मध्ये तो पुन्हा लिलावात आला. बोली चढत चढत 1 कोटी 45 लाखांवर गेली, म्हणजे आधीच्या जवळजवळ बरोबर चौपट. बोली होती तेलुगू टायटन्सची. मुंबईने कार्ड वापरलं नाही. महाराष्ट्राचा गडी हैदराबादला गेला.

त्या वेळी आपल्याकडे जी ओरड झाली ती आठवत असेल. मुंबईने मराठी मुलाला सोडलं, कदर नाही, पैशाकडे बघितलं. आमचं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आज जास्तच ठाम आहे. प्रत्येक संघाला त्या वर्षी खेळाडूंवर खर्च करायला मिळून 4 कोटी 40 लाखांची मर्यादा होती. तेवढ्यात सबंध संघ उभा करायचा, बदली खेळाडू धरून. 1 कोटी 45 लाख म्हणजे त्यातला तिसरा हिस्सा एका चढाईपटूवर. त्यातून फझल अत्राचली आधीच मुंबईकडे होता, आणि आदल्या वर्षी एक कोटीला घेतलेला तो कर्णधार काही स्वस्तातला माणूस नव्हता. दोघांना धरलं असतं तर उरलेल्या पैशात कोपरे, मधली फळी, दुसरा चढाईपटू आणायचा कुठून? कबड्डीत सातजण मैदानात असतात. एकटा मोठा चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की त्याचे लाखो रुपयेही त्याच्याबरोबर बाकावर बसतात, त्याला कोणीतरी परत आणावं लागतं.

झालं काय? सिद्धार्थ टायटन्सकडूनही त्या मोसमात चढाईच्या दोनशे गुणांच्या पुढे गेला. त्याच्या खेळात काही खोट नव्हती. पण टायटन्स बारा संघांत अकरावे आले, आणि त्याला सोडून दिलेली मुंबई उपांत्य फेरीत गेली. बंगालकडून 37-35 अशी दोन गुणांनी हरली.

इथे थांबून टाळ्या वाजवायचा मोह होतो. थांबा जरा. निकालावरून निर्णय मोजायचा नाही, नाहीतर आपण आणि ओरडणारे यांच्यात फरक काय राहिला? मुंबईची उपांत्य फेरी हा पुरावा नव्हे. पुरावा एवढाच की त्या टेबलावर बसलेल्यांना मर्यादा माहीत होती, आपला संघ माहीत होता, आणि बोली थांबली तेव्हा त्यांनी स्वतःचा हिशोब दुसऱ्याच्या आकड्यापुढे वाकवला नाही.

कारण ह्याच्या उलटंही घडलं आहे, आणि तेही मुंबईच्याच हातून. 2019 च्या त्या मुंबई संघात अर्जुन देशवाल नावाचा नवखा चढाईपटू होता. 2021 च्या लिलावात जयपूरने त्याला 96 लाखांना नेलं. पुढच्या वर्षी, 2022 च्या मोसमात, जयपूर विजेते आणि अर्जुन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. एकाला सोडलं तर शहाणपण, दुसऱ्याला सोडलं तर चूक, असं आज म्हणणं सोपं आहे. त्या दिवशी दोघांतला फरक ओळखायला लागतो तो रोजच्या सरावात बघून कमावलेला अंदाज. आणि इथेच ह्या कार्डाबद्दलची आमची पहिली तक्रार आहे. जुन्या संघाला खेळाडूची सर्वांत जास्त माहिती असते. त्याचा गुडघा कसा आहे, रात्री झोपतो किती, हरल्यावर वागतो कसा. सगळ्यांत जास्त माहिती असणाऱ्यालाच बोली न लावता शेवटी बोलायची मुभा, आणि कमी माहिती असणाऱ्यांनी अंधारात भाव चढवायचा. पाच एकरांचीच गोष्ट झाली ही.

आणि जुन्या संघाने कार्ड वापरलं नाही, तर जिंकलेल्याने खुश व्हावं का? त्याने घाबरायला पाहिजे. ज्यांनी माणूस जवळून बघितला त्यांना तो ह्या भावाला नको आहे!

हेच टायटन्सनी 2021 मध्ये उलट्या बाजूने अनुभवलं. त्या वर्षी सिद्धार्थ पुन्हा लिलावात, आणि टायटन्सनी कार्ड वापरून 1 कोटी 30 लाखांना त्याला परत घेतलं. मोसम सुरू झाला आणि मोजक्या सामन्यांनंतर तो दुखापतीने बाहेर. टायटन्सना सबंध मोसमात एकच सामना जिंकता आला. दुखापत कोणाला सांगून येत नाही, त्याचा दोष आम्ही कार्ड वापरणाऱ्यावर टाकत नाही. पण बरोबरी केली म्हणजे निष्ठा दाखवली, आणि निष्ठेचं फळ मिळतं, अशी जी एक गोड समजूत आहे, तिला ह्या खेळात आधार नाही.

आता पुण्याकडे येऊ, कारण तिथला निर्णय जास्त अवघड होता. इराणचा मोहम्मदरझा शादलुई. 2023 मध्ये पुणेरी पलटणने त्याला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. कर्णधार आपला अस्लम इनामदार, संघात पंकज मोहिते, आकाश शिंदे. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरियाणाला 28-25 असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेते झाले. त्या हरलेल्या हरियाणाच्या संघात एक कोटीला घेतलेला सिद्धार्थ देसाई होता, ही एक जाता जाता.

पाच महिन्यांनी पुन्हा लिलाव. शादलुईची बोली हरियाणाने 2 कोटी 7 लाखांवर नेली. लक्ष द्या, पुण्याने स्वतः वर्षापूर्वी दिले त्यापेक्षा 28 लाख कमी. तरी पुण्याने कार्ड वापरलं नाही. महाग पडत होता म्हणून सोडला, असं सरळ म्हणता येत नाही. आमचा अंदाज असा की पाच कोटींच्या मर्यादेत त्यांनी आपली तरुण पोरं एकत्र ठेवायचं आधी ठरवलं, आणि त्या हिशोबात दोन कोटींचा माणूस बसत नव्हता. मग पुढे? डिसेंबर 2024 ला बालेवाडीत, म्हणजे पुण्याच्याच अंगणात, हरियाणा विजेते झाले आणि शादलुई मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुणे बाद फेरीतसुद्धा नव्हतं. अस्लम मोसमाच्या मधेच जायबंदी झाला होता, हे कोणी लक्षात घेतलं नाही. बाराव्या मोसमात त्याच पोरांचा संघ अंतिम सामन्यात गेला आणि दिल्लीकडून 31-28 असा हरला. शादलुई तोवर हरियाणाकडेही राहिला नव्हता, गुजरातने त्याला 2 कोटी 23 लाखांना नेलं होतं, आणि गुजरात अंतिम फेरीत नव्हतं. सोडण्याचा निर्णय बरोबर होता की चूक? आम्ही बरोबर म्हणू. पण 2024 च्या डिसेंबरात बालेवाडीच्या प्रेक्षकांत बसून म्हणायची हिंमत झाली नसती, हे मान्य.

इतका वेळ आपण संघांच्या बाजूने बोललो. लिलावावरची चर्चा नेहमी तशीच होते, जणू आपण सगळे मालक आहोत. खेळाडू कुठे आहे ह्यात?

अमेरिकेत त्यांचा जो फुटबॉल आहे, अंडाकृती चेंडूचा, तिथे हा हक्क जुना आहे. पण तिथे खेळाडू स्वतः दुसऱ्या संघाशी बोलतो, अटी ठरवतो, सही करतो, आणि मग जुन्या संघाला तीच रक्कम आणि त्याच अटी मान्य करायला काही दिवस मिळतात. 2006 मध्ये सिएटल संघाच्या स्टीव्ह हचिन्सन ह्या खेळाडूला मिनेसोटाने 7 वर्षांचा 4 कोटी 90 लाख डॉलरचा करार देऊ केला, आणि त्यात एक काटा पेरून ठेवला. त्याच्या जागेच्या फळीत तो संघातला सर्वांत जास्त पगाराचा नसेल, तर सगळी रक्कम हमीची होणार. सिएटलकडे त्याच फळीत त्याच्याहून जास्त पगाराचा माणूस होता. बरोबरी करायची म्हटली तर दिवाळंच. गेला तो. सिएटलनेही मग मिनेसोटाच्या एका खेळाडूला असाच काटेरी करार देऊन उट्टं काढलं. खोडसाळपणा होता, पण त्यातून एक गोष्ट दिसते: तिथे कुठे जायचं हे आधी खेळाडू ठरवतो, मग अडवणूक होते. आपल्याकडे तो आधीही ठरवत नाही, नंतरही नाही.

आयपीएलने निदान अर्धी दुरुस्ती केली. तिथलं हेच कार्ड आरटीएम. 2024 च्या नोव्हेंबरातल्या लिलावात नियम असा केला की जुन्या संघाने हक्क सांगितला, तर बोली जिंकणाऱ्याला एकदा आकडा वाढवता येईल, आणि बरोबरी त्या नव्या आकड्याशी करावी लागेल. ऋषभ पंतची बोली 20 कोटी 75 लाखांवर थांबली होती. दिल्लीने हक्क सांगितला, लखनऊने थेट 27 कोटी म्हटलं, दिल्ली मागे सरली. अर्शदीप सिंग 15 कोटी 75 लाखांवरून 18 कोटींवर गेला आणि पंजाबने ते दिले. म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकाला पुन्हा तोंड उघडायची संधी दिली की भाव किती सरकतो, ते बघा. हा जो मधला फरक आहे, तो जुन्या नियमात खेळाडूच्या खिशातून जात होता. कबड्डीत ही दुरुस्ती का होऊ नये, ह्याचं पटण्यासारखं उत्तर आम्हाला कोणी दिलेलं नाही.

आणि आता हळदीचं. हिंगोलीच्या, वसमतच्या बाजारात लिलाव बघितला नाही असा माणूस ह्या मंडपात नसेल. पोत्याचं तोंड उघडतात, कांडी हातात घेऊन मोडून बघतात, भाव पुकारतात. शेवटचा भाव पुकारला गेला तरी माल कोणाचा असतो? शेतकऱ्याचा. नाही पटला तर तो म्हणतो, देत नाही, आणि पोती परत गाडीत भरतो. भाडं अंगावर पडतं, घरी बोलणी बसतात, पण नाही म्हणायचा हक्क त्याचा असतो. कबड्डीच्या लिलावात नाव दिलेल्या पोराला तेवढाही हक्क नाही. ज्या संघात वर्षभर बाकावर बसवलं तो संघही कार्ड वर करून त्याला परत नेऊ शकतो, आणि ज्या संघाला त्याला खेळवायचं होतं, ते बघत बसतात. मालाला जो मान आहे तो माणसाला द्या, एवढंच आमचं म्हणणं. कार्ड ठेवायचं तर ठेवा, पण ते वर करण्याआधी एकदा खेळाडूला विचारा, राहतोस का? तो नाही म्हणाला, तर कार्ड खाली.

मागून एका पोराने चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो. त्याने विचारलंय, सर, एवढे पैसे मिळत असतील तर विचारलं काय आणि न विचारलं काय, बिघडलं कुठे? बाबा रे, 1 कोटी 45 लाखांचा आकडा आपल्याला दिसतो, कारण तो बातमीत येतो. ज्याची बोली पहिल्याच आकड्यावर थांबते, तो बातमीत येत नाही. त्याच्यासाठी कोणत्या संघात जायला मिळतं, खेळायला मिळतं की बाकावर बसतो, ह्यावर पुढच्या वर्षी नाव पुकारलं जाईल की नाही ते ठरतं. तू स्वतः खेळतोस का? चढाई की पकड? पकड, बरं. मग पुढे येऊन बस, पुढचे प्रश्न तूच वाच.