प्रबंधाआधींचें टिपण

संशोधन कसें करावें हें शिकविणारीं पुस्तकें बहुधा अत्यंत नीरस असतात. ज्यास संशोधन करतां येतें त्यास त्यांची गरज भासत नाहीं, आणि ज्यास तें येत नाहीं त्याच्यानें तीं वाचवत नाहींत. उंबेर्तो इको या इटालियन पंडितानें, पदवीचा प्रबंध कसा लिहावा हें सांगण्याकरितां रचिलेलें पुस्तक मात्र या वर्गांत बसवितां येत नाहीं. तें १९७७ सालीं इटलींत प्रसिद्ध झालें; इंग्रजींत यावयास त्यास २०१५ साल उजाडावें लागलें. ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीचा कर्ता म्हणून इकोचें नांव आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. पण ती कादंबरी १९८० ची. त्याआधीं हा गृहस्थ बोलोन्याच्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे प्रबंध तपाशीत होता, आणि त्या तपासणीच्या वैतागांतून व मायेंतूनहि हें पुस्तक जन्मलें असावें असें तें वाचतांना सारखें वाटतें.

ज्या विद्यार्थ्याकरितां तें लिहिलें आहे तो आपल्या ओळखीचा आहे. १९६९ पासून इटलींतील विद्यापीठांचीं दारें सर्व प्रकारच्या माध्यमिक शाळांतून आलेल्यांस मोकळीं झालीं, आणि ज्यांच्या घरीं पुस्तकाचें कपाट नाहीं, ज्यांस पोटासाठीं नोकरी करावी लागते, ज्यांच्या जवळपास लहानसें नगरवाचनालय काय तें आहे, अशीं मुलें पदवीस बसूं लागलीं. इको त्यांस कमी लेखीत नाहीं आणि त्यांची कींवहि करीत नाहीं. आलेस्सांद्रिया या आपल्या जन्मगांवच्या ग्रंथालयांत तो अशाच एका विद्यार्थ्याची भूमिका घेऊन तीन दुपारी बसतो, आणि बरोक युगांतील इटालियन ग्रंथकारांच्या रूपकविचारावर केवढी ग्रंथसूचि जमवितां येते तें करून दाखवितो. आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणीं असा प्रयोग करूं इच्छिणाऱ्यास शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळांतील पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूचि’ हाताशीं घेतां येईल. परंतु ती उघडून पाहिलेला पदवीधर आम्हांस क्वचितच भेटतो.

ज्यास हे कष्ट नकोत त्यासाठींहि इकोजवळ सल्ला आहे: एक तर पैसे मोजून दुसऱ्याकडून प्रबंध लिहून घ्यावा, नाहीं तर दूरच्या विद्यापीठांतील जुना प्रबंध उतरून काढावा. हा विनोद होता. आतां पैशाचीहि अडचण उरली नाहीं. यंत्रास विषय सांगावा आणि चहा निवण्याच्या आंत निबंध पदरांत पाडून घ्यावा.

पुस्तकाचा गाभा म्हणजे टिपणें. वाचलेल्या प्रत्येक ग्रंथाचें एक कार्ड. त्यावर ग्रंथाचा पूर्ण तपशील, सारांश, पृष्ठांकासह अवतरणें, आणि स्वतःचे शेरे चौकटी कंसांत निराळे काढलेले. संत थॉमस अक्वायनसच्या सौंदर्यविचारावर प्रबंध लिहितांना इकोनें केलेलीं कार्डेंच येथें नमुन्यादाखल छापलीं आहेत. हीं कार्डें वाचनीय आहेत, कारण त्यांत एक तरुण मनुष्य थोरामोठ्यांच्या ग्रंथांशीं भांडतांना दिसतो. छायाप्रतींविषयीं त्यानें दिलेला इशारा तर आमच्या मतें प्रत्येक ग्रंथालयाच्या दारावर लावण्याजोगा आहे: प्रत काढून घरीं नेली कीं आपण तो मजकूर वाचलाच अशी मनाची समजूत होते, आणि मग तो वाचला जात नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलमध्यें पानांचीं जीं शेंकडों चित्रें पडून असतात त्यांची गत याहून निराळी नाहीं.

त्याहून मोलाचें प्रकरण स्वशब्दांतील सारांशाचें. इको मध्ययुगावरील नॉर्मन कोन या इतिहासकाराचा एक उतारा घेतो व त्याचे निरनिराळे अनुवाद पुढें ठेवतो. एकांत मूळ विचार लेखकाच्या नांवानिशीं पण खरोखर आपल्या भाषेंत आला आहे. दुसऱ्यांत शब्द इकडचे तिकडे केले असून वाक्यांचा सांगाडा मूळचाच आहे. हा दुसरा प्रकार म्हणजे चोरी, मग तळटीप दिलेली असो वा नसो. आपला सारांश प्रामाणिक आहे याची खूण कोणती? मूळ पान समोर नसतांना तो लिहितां आला पाहिजे. ही कसोटी इतकी साधी आहे कीं पहिल्या वर्षाच्या मुलासहि ती एका तासिकेंत समजते.

आणि येथेंच आमचें इकोशीं जमत नाहीं. हें सारें तो सांगतो अभ्यासक्रमाच्या शेवटीं, प्रबंधाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास. तोंवर चार वर्षें त्या विद्यार्थ्यानें कसें वाचलें, कसें लिहिलें, याचा विचार पुस्तकांत नाहीं. आमच्याकडेहि तीच मांडणी आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांत संशोधनाचें स्थान चौथ्या वर्षीं असून, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांसच तो मार्ग मोकळा आहे. म्हणजे टिपण कसें घ्यावें हें शिकण्याआधीं तीन वर्षें टिपणाशिवाय उत्तम गुण मिळवून दाखवावे लागतात! हे गुण बहुशः दुसऱ्याचीं वाक्यें पाठ करून मिळतात हें परीक्षकाचें काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तीन वर्षें ज्या संवयीबद्दल बक्षीस दिलें, तिच्याबद्दल चौथ्या वर्षीं शिक्षा करावयाची, असा हा न्याय आहे.

शिक्षेची व्यवस्था मात्र चोख. २०१८ च्या नियमांनीं १० टक्क्यांपर्यंतचें साम्य दंडावांचून सोडलें. पुढें ४० पर्यंत, ६० पर्यंत व त्यावर अशा चढत्या पायऱ्या आंखून दिल्या. याचा परिणाम असा झाला कीं विद्यार्थी ‘हें कोणाचें?’ असें न विचारतां ‘किती टक्के आलें?’ असें विचारूं लागला. शिवाय हें मोजमाप शब्दांचें आहे. इंग्रजी परिच्छेद मराठींत उतरविला कीं शब्दसाम्याचा प्रश्नच राहत नाहीं, आणि मराठींतील उचलेगिरी आजवर मुख्यतः याच वाटेनें चालत आली आहे. इकोची कसोटी येथेंहि लागू पडते, टक्केवारीची पडत नाहीं.

पहिल्या वर्षाच्या मुलांस हें झेपणार नाहीं, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध होत होती. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत तेथील पाठभेद नोंदण्याची रीत वर्णिली आहे. कागदावर चौकटी आंखावयाच्या; वरच्या ओळींत प्रचलित संहितेंतील श्लोक, एका चौकटींत एक अक्षर याप्रमाणें, मांडावयाचा; आणि खालीं एकेका हस्तलिखिताच्या खुणेसमोर जेथें अक्षर बदलतें तेथेंच तें भरावयाचें. एवढ्या मोठ्या कार्याचा पाया अशा कागदांवर रचला गेला. त्या कागदावरून शुद्ध पाठ ठरविण्यास सुकथनकरांची विद्वत्ता हवी; पण आपण कोठून काय घेतलें हें नेमक्या चौकटींत लिहावयास डोळा आणि सचोटी पुरे. पहिल्या वर्षास आम्ही मागतों तें एवढेंच. जुन्या नाट्यपदाचे दोन छापील पाठ, एकाच घटनेच्या दोन वृत्तपत्रांतील हकीकती, आजीनें सांगितलेली आणि पुस्तकांत छापलेली एकच कहाणी, यांतील भेद नोंदण्याचें काम अठरा वर्षांच्या मुलामुलींस रुचतेंहि.

इकोच्या पुस्तकांतील एक कथा त्यांस अवश्य सांगावी. प्रबंधांतील एक अडलेली गांठ आपणांस व्हाले नांवाच्या एका सामान्य, विस्मृत ग्रंथकारामुळें सुटली, असें इको कृतज्ञतेनें लिहितो, आणि कोणाहि लेखकास तुच्छ मानूं नये असा बोध त्यावरून काढतो. पुढें एका परीक्षणकारानें ही कथा परीकथेसारखी वाटते असें म्हटल्यावर इकोनें तें जुनें पुस्तक पुन्हा काढून पाहिलें, तों ती कल्पना व्हालेची नव्हतीच. त्याचें पुस्तक वाचतां वाचतां ती इकोसच सुचली होती. पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेंत त्यानें हेंहि नमूद करून ठेवलें.

खरी अडचण विद्यार्थ्यांची नसून अध्यापकांची आहे. १२० मुलांच्या वर्गांत प्रत्येकाचीं महिन्यास दोनच टिपणें घेतलीं तरी २४० कागद होतात, आणि ते मूळ पान शेजारीं ठेवूनच वाचावे लागतात. एका कागदास पांच मिनिटें धरलीं तर हें वीस तासांचें काम झालें. कोणत्याहि वेळापत्रकांत या वीस तासांची नोंद आम्हीं पाहिलेली नाहीं, आणि तासिका-तत्त्वावर नेमलेल्या तरुण अध्यापकास तर वर्गांत उभें राहिल्याच्या तासाचाच मोबदला मिळतो.