चिखलाची बाजू

स्थलांतरी पक्ष्यांवरचे मराठी ललित लेख मी आवडीने वाचत आलो आहे. त्यांत आकाश भरपूर असते, चिखल जवळजवळ नसतो. सैबेरियातून निघालेला पक्षी आपल्या खाडीत उतरतो, आणि त्याच्या तिथल्या मुक्कामाला ‘विसावा’ म्हटले जाते. हा शब्द मीही वापरला आहे. आज तो मला चुकीचा वाटतो.

ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर पक्षी विसावत नाही, राबतो. ओहोटी रात्री आली तर रात्री चरतो. चिखल्या वरच्या थरातले किडे नजरेने टिपतो; पाणटिवळा लांब चोच खोल खुपसून स्पर्शाने भक्ष्य शोधतो. अलास्काहून न्यूझीलंडला एका झेपेत जाणाऱ्या गॉडविटचे निघतानाचे जवळपास निम्मे वजन चरबीचे असते. ही चरबी तो किनाऱ्यावरच्या चिखलातून मिळवतो. निघण्यापूर्वी त्याची आतडी, यकृतही आक्रसलेली असतात. आपण ज्या झेपेचे गोडवे गातो ती आधी चिखलात तयार होते.

२००६ साली दक्षिण कोरियात सेमांगमची ३३ किलोमीटर लांबीची भिंत पूर्ण झाली आणि भरतीची वाट अडली. तिथे थांबणारे ग्रेट नॉट शेजारच्या किनाऱ्यांवर सरकून निभावले असे झाले नाही. हजारो किलोमीटर दूर, ऑस्ट्रेलियातली त्यांची संख्या घटली.

जनाबाईंच्या अभंगातला पक्षी दूर जातो तो पिल्लांसाठी चारा आणायला. पुढे आम्ही दिगंत तेवढे ठेवले, चारा गाळला. चिखल उरला तो कमळ उगवण्यापुरता, नाहीतर एकमेकांवर फेकण्यापुरता. पक्ष्याला ‘चिखल्या’ म्हणणारी बोली आमच्यापेक्षा शहाणी. तिने त्याला त्याच्या चरण्याच्या जागेवरून ओळखले.

ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. तिच्यावरच्या लेखांत रोहितांचा गुलाबी रंग असतो. पायाशी धावणारा मूठभर टिलवा नसतो, आणि दोघांना पोसणारा चिखलही नसतो. हा दोष केवळ शैलीचा नाही. जी जागा भाषेत रिकामी असते तिच्यावर भराव टाकताना कुणाचा हात अडखळत नाही. ती रिकामी ठेवण्यात आमच्या सुंदर लेखांचाही वाटा आहे.