हाड भरलं, पण मोडायचं थांबलं नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य लिहिलं होतं : "या उपचाराने उंदरांच्या हाडांची मजबुती वाढते." पुरावा म्हणून मायक्रो-सीटीचे आकडे जोडले होते. आरएसीतल्या एका मॅडमनी त्या वाक्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, "हाड मोडून पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. "मग मजबुती कुठून आणलीस?" तेव्हा मला राग आला होता. त्यांनी सुचवलेला पेपर वाचल्यावर राग गेला, लाज तेवढी उरली. तोच पेपर आज आपण वाचू.

पेपर जुना आहे. १९९० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे बी. लॉरेन्स रिग्ज आणि त्यांचे सहकारी यांचा. प्रश्न साधा होता : पाळी गेल्यानंतर ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत अशा बायकांना सोडियम फ्लोराइड दिलं, तर फ्रॅक्चर कमी होतात का?

फ्लोराइडच का, हे आधी समजून घ्या, नाहीतर पेपरची गंमत कळणार नाही. त्या काळात हाताशी असलेली बहुतेक औषधं हाडाची झीज कमी करायची, नवं हाड फारसं घडवायची नाहीत. फ्लोराइड मात्र हाड बनवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना कामाला लावतं. १९६१ पासून ते ऑस्टिओपोरोसिसमध्ये वापरून पाहिलं जात होतं. आणि १९८२ साली याच रिग्जनी याच जर्नलमध्ये लिहिलं होतं की फ्लोराइड आणि कॅल्शियम घेणाऱ्या बायकांच्या मणक्यांची फ्रॅक्चर कमी झाली. फक्त त्या अभ्यासात रँडमायझेशन नव्हतं. म्हणजे १९९० चा पेपर हा एका माणसाने स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाची घेतलेली उलटतपासणी आहे. मला या पेपरबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

आता आकडे. एकूण २०२ बायका, सगळ्यांना मणक्याचं फ्रॅक्चर आधीच झालेलं. निम्म्यांना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, निम्म्यांना प्लासिबो. कॅल्शियम मात्र दोन्ही गटांना, रोज १५०० मिलिग्रॅम. कालावधी चार वर्षं. कमरेच्या मणक्यांची घनता फ्लोराइड गटात ३५ टक्क्यांनी वाढली. पस्तीस! हाडांच्या औषधांच्या दुनियेत पाच-दहा टक्के वाढ झाली तरी लोक पेढे वाटतात. मांडीच्या हाडाच्या मानेशी १२ टक्के वाढ. तुम्ही इथपर्यंत वाचून थांबलात, तर प्रेझेंटेशनमध्ये काय सांगाल? औषध चाललं, असंच ना?

पुढची ओळ वाचा. मणक्यांची नवी फ्रॅक्चर : फ्लोराइड गटात १६३, प्लासिबो गटात १३६. मणक्यांशिवाय इतर हाडांची : ७२ विरुद्ध २४. हाड भरलं, आणि मोडलंही जास्त.

असं कसं झालं? उत्तराचा एक धागा त्याच पेपरमध्ये आहे, घनतेच्याच आकड्यांत. कोपर ते मनगट यांच्या मधल्या रेडियस हाडाची घनता फ्लोराइड गटात ४ टक्क्यांनी कमी झाली. मणका आतून जाळीदार असतो, रेडियसचा मधला दांडा म्हणजे जवळजवळ सगळं घट्ट, कॉर्टिकल हाड. म्हणजे एका प्रकारच्या हाडात भर पडत होती आणि दुसऱ्या प्रकारच्या हाडातून गळती होत होती. दुसरा धागा प्रयोगशाळेतला. फ्लोराइड हाडाच्या खनिज स्फटिकात हायड्रॉक्सिलची जागा घेतं, आणि घाईने तयार झालेल्या नव्या हाडात खनिज नीट बसत नाही. बांधकामावर पिलरला गोणपाट गुंडाळून पाणी मारताना तुम्ही पाहिलं असेल. पाणी न मारलेला पिलरही तेवढाच जाड दिसतो, टेप लावून मोजला तरी फरक कळत नाही. घनता मोजणारं यंत्र टेपसारखं आहे. खनिज किती आहे ते सांगतं, ते कसं बसलंय ते सांगत नाही.

आपल्याकडे हे कुणाला नवीन वाटायला नको होतं, असं मला राहून राहून वाटतं. १९३७ साली मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागातून शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी फ्लोरोसिसच्या रुग्णांचं वर्णन छापलं होतं. एक्स-रेमध्ये हाडं पांढरीशुभ्र, भरगच्च. माणूस मात्र ताठरलेला, वाकता न येणारा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या वाचकांना बोअरच्या पाण्याची ही गोष्ट मी वेगळी सांगायला नको. अर्थात तुलना जपून करायची. ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइडमध्ये साधारण ३४ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात कमाल मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. म्हणजे त्या मर्यादेवरचं बावीस-तेवीस लिटर पाणी रोज प्यायल्यासारखा हा डोस होता. (हा हिशोब माझा, पेपरमधला नाही. अणुभार घ्या आणि करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.)

एवढं कौतुक झालं, आता भांडू या. कारण पेपर महत्त्वाचा आहे म्हणून तो निर्दोष ठरत नाही, आणि जर्नल क्लबमध्ये आपण नेमकी हीच गल्लत करतो.

पहिलं म्हणजे १६३ आणि १३६ हे आकडे लेखकांनी 'सारखे' म्हटले आहेत, कारण फरक सांख्यिकीय दृष्ट्या सिग्निफिकंट नव्हता. हे मला पटत नाही. १६३ म्हणजे १३६ पेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी जास्त. फरक सिद्ध झाला नाही, एवढंच म्हणता येतं. सारखेपणा सिद्ध झाला असं नाही. शिवाय ही मोजणी फ्रॅक्चरची आहे, बायकांची नाही. एकाच बाईचे चार मणके दबले तर ती चार वेळा मोजली जाते, आणि ते चार मणके काही एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. तुमच्या थिसिसमध्ये एका उंदराच्या चार हाडांना तुम्ही एन बरोबर चार लिहिलंत, तर कुणीतरी पकडेलच. इथेही तोच प्रश्न विचारा.

दुसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. फ्लोराइड गटातल्या ५४ बायकांना आणि प्लासिबो गटातल्या २४ बायकांना डोस कमी करावा लागेल इतका त्रास झाला. मुख्य त्रास दोन, पोटाचा आणि पायदुखीचा. आता विचार करा. जिचे पाय दुखतात ती डॉक्टरांना सांगणार, डॉक्टर तिचे पाय तपासणार, आणि तपासलं की बारीक चीर सापडण्याची शक्यता वाढणार. जिचे पाय दुखत नाहीत तिची चीर कुणी शोधतच नाही. शिवाय एका गटात त्रास दुपटीहून जास्त असेल, तर कोण कशावर आहे याचा अंदाज बाईंनाही येतो, डॉक्टरांनाही. कागदावर डबल-ब्लाइंड लिहिलेलं राहतं, डोळ्यांवरची पट्टी मात्र सैल झालेली असते. ७२ विरुद्ध २४ हा सगळा फरक यातून आला, असं मी म्हणणार नाही; तिप्पट फरक नुसत्या शोधाशोधीने होणं कठीण आहे. पण त्यातला काही भाग यातून आला असू शकतो.

तिसरं थोडक्यात : २०२ पैकी चार वर्षं पूर्ण केली १३५ जणींनी. एक तृतीयांश गळती. कोण गेलं आणि का गेलं, हे तक्त्यात शोधायची सवय लावून घ्या.

आणि डोस. ७५ मिलिग्रॅम जास्तच होता का? १९९४ साली याच गटाने पुढची निरीक्षणं आणि जादा विश्लेषण छापलं. त्यातून सूर असा निघाला की घनता मध्यम वाढली तिथे मणक्यांना फायदा झाला असावा, फ्लोराइड झपाट्याने वाढलं तिथे नुकसान. ऐकायला छान आहे. पण निकाल हातात आल्यावर केलेली ही फोड आहे, त्यामुळे तिच्याकडे नव्या ट्रायलचं कारण म्हणून पाहायचं, उत्तर म्हणून नाही. तशी ट्रायल फ्रान्समध्ये झालीही. १९९८ साली मनीए आणि सहकाऱ्यांनी ३५४ बायकांवर, कमी डोसने, दोन वर्षं केलेला अभ्यास छापला. फ्लोराइड गटात मणक्यांची घनता १०.८ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटात २.४ टक्क्यांनी. मणक्यांच्या फ्रॅक्चरमध्ये फरक नाही.

म्हणून माझं मत असं : रिग्जच्या पेपरमधला 'फ्रॅक्चर वाढतात' हा अर्धा भाग मी थोडा हात राखून वाचते, पण 'घनता वाढली म्हणजे फ्रॅक्चर कमी होतीलच असं नाही' हा अर्धा भाग डोळे झाकून उद्धृत करते. पहिल्याला वर सांगितलेल्या त्रुटी थेट लागतात. दुसऱ्याला फारशा लागत नाहीत. पस्तीस टक्के भर पडूनही मणके वाचले नाहीत, एवढं पुरतं. एकाच पेपरवर दोन वेगवेगळे विश्वास ठेवता येतात, हे मला फार उशिरा कळलं.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता 'हाडांची घनता वाढते' असं आहे. मजबुतीसाठी थ्री-पॉइंट बेंडिंग करावं लागतं. ते मशीन आमच्या विभागात नाही, मेकॅनिकलवाल्यांकडे आहे, आणि ते मला मंगळवारी सकाळी दोन तास मिळतं. आतापर्यंत अकरा हाडं मोडून झाली आहेत.