कंत्राटदार जोतीराव आणि ढोंगाचा आरोप

ज्या व्यवस्थेचे खाता तिच्यावरच टीका कशी करता, हा प्रश्न आपल्या माणसांना हटकून विचारला जातो. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या विद्यार्थ्याला विचारला जातो, राखीव जागेवर लागलेल्या मास्तरालाही विचारला जातो. पैशाच्या अपहाराविषयी तोंड उघडले की त्याला विशेष धार चढते. जोतीराव फुल्यांच्या लेखनावर हा प्रश्न एकदा घासून पाहिला पाहिजे.

जोतीराव बैरागी नव्हते. ते सरकारी कामांची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरवला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना आपण व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे सभासद आहोत, अशीच ओळख त्यांनी दिली. सरकारी पैसा त्यांच्या घरात येत होता. याच जोतीरावांनी इंजिनिअर खात्यातील ब्राह्मण कामगारांच्या लबाडीवर स्वतंत्र रचना केली. त्या काळच्या भाषेत कामगार म्हणजे खात्यातला अंमलदार. घमेले उचलणारा मजूर नव्हे. पैसा कुठे मुरतो हे बांधावर उभ्या असलेल्या माणसाला दिसते, कचेरीबाहेरच्या सज्जनाला दिसत नाही. जोतीरावांच्या टीकेचे बळ या जवळिकीतून आले आहे.

या टीकेला मर्यादा नव्हती असे नाही. 'गुलामगिरी'त (१८७३) गोऱ्या अंमलदाराला बरीच सूट मिळते आणि सारे खापर त्याच्या हाताखालच्या भटांवर फुटते. पण १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ही सूट उरत नाही. गोऱ्या कामगारांचे भरमसाट पगार आणि पेन्शनी कोणाच्या घामातून निघतात, हे ते बजावतात. पाटबंधारे खाते पाण्याचे दाम घेते, पण ते पाणी शेतात पोचते की नाही याची फिकीर करीत नाही, हेही सांगतात. धरणाला माल पुरवणारा माणूस धरणाच्या पाण्याचा हिशेब मागतो, याला ढोंग म्हणायचे काय?

लाभ घेणे म्हणजे ढोंग नव्हे. लाभाची किंमत म्हणून मौन मोजायचे आणि वर नीतीची प्रवचने झोडायची, हे ढोंग होय. पुणे म्युनिसिपालिटीतील जोतीरावांची जागा सरकारनियुक्त होती. १८८० साली व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे सांगून त्यांनी विरोध केला आणि ते एकटे पडले. सरकारने खुर्ची दिली होती. मत मात्र विकत मिळाले नाही.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. २०१५ साली लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळातील कोट्यवधींच्या अपहाराचे प्रकरण गाजले. त्या महामंडळाचे कर्ज घेतलेला मातंग तरुण हिशेब मागू लागला, तर त्याला खाल्ल्या मिठाची आठवण कोणी द्यायची? मीठ महामंडळाचे नव्हते, लोकांचेच होते. त्याचा अधिकार इतरांपेक्षा कणभर जास्तच आहे, कारण चोरी त्याच्या वाट्याची झाली. उलट, आपला माणूस म्हणून जो कार्यकर्ता अशा वेळी गप्प बसतो आणि सभेत मात्र भांडवलशाहीवर तुटून पडतो, त्याने जोतीरावांचे नाव घेऊ नये.

प्रस्थापितांना निष्कलंक टीकाकार हवा असतो, कारण तसा माणूस या व्यवस्थेत जन्मालाच येत नाही. त्याची वाट पाहत बसणे आपल्याला परवडणारे नाही. आपल्या वाट्याला आलेले उघड सांगावे, आपलाही हिशेब चव्हाट्यावर ठेवावा आणि मग बेधडक दुसऱ्याचा मागावा.