रहमतचा नकार

रवींद्रनाथ टागोरांची 'काबुलीवाला' (१८९२) ही बापाच्या वात्सल्याची कथा म्हणून शिकवली जाते. कळमनुरीच्या आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात ती सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, गरीब होता, तरी पैसे का घेतले नाहीत?"

मला वाटते, कथेचे मर्म तिथेच आहे. तुरुंगातून सुटलेल्या रहमतजवळ आता झोळीही नाही. मिनीसाठी आणलेली द्राक्षे, मनुका, बदाम त्याने कुणा देशवासीयाकडून मागून आणले असावेत, असे निवेदकच म्हणतो. तरी दाम देऊ करताच रहमत त्याचा हात धरतो. आपण इथे धंद्यासाठी येत नाही, असे सांगतो. आणि हाच तो माणूस! रामपुरी चादरीची उधारी नाकारणाऱ्यावर यानेच सुरी चालवली होती. हक्काचा पैसा तो सोडत नाही. मिनीच्या खाऊचा मात्र घेत नाही. 'रागीट पठाण' हा साचा इथे मोडतो.

शेवटी निवेदक लग्नातली रोषणाई, बँड कमी करून त्याला नोट देतो आणि त्याला 'दान' म्हणतो. हा शब्द मला खटकतो. आधी दिले होते रहमतने. नोट घेताना तो काय बोलला, हे टागोरांनी लिहिलेले नाही.