श्वास, हात आणि परंपरा : स्टुडिओ-काचकलेतील एक अंतर्विरोध

काचपात्र कोणाचे मानावे, त्याची आकृती कल्पिणाऱ्याचे की ते भट्टीपुढे फुंकणाऱ्याचे? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य काचधंद्याने हा प्रश्न सामान्यतः श्रमविभागणीने मिटविला होता. कल्पक कागदावर आकृती रेखाटी. कारखान्यातील कारागीर ती घडवी. ही फारकत मोडण्यासाठी हार्वे लिटल्टन (१९२२–२०१३) यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील टोलीडो कलासंग्रहालयात दोन शिबिरे भरविली. कलावंताने स्वतःच्या लहान भट्टीपुढे उभे राहून कल्पावे आणि घडवावेही, हे त्यांचे सूत्र. स्टुडिओ-काचकलेचा आरंभ येथूनच मानला जातो.

या सूत्राने काचेला कारखान्याबाहेर काढले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याच्या पोटात तंत्राविषयीची एक अवहेलना दडली होती. तंत्र ही स्वस्त गोष्ट आहे, अशा आशयाचे लिटल्टन यांचे वचन प्रसिद्ध आहे. ते कितपत टिकते, हे माध्यमाच्या स्वभावावरूनच ठरविले पाहिजे. फुंकनळीच्या टोकावर घेतलेला काचरस सतत फिरवीत न राहिल्यास ओघळतो. निवू लागताच ताठरतो. आणि तयार वस्तू सावकाश निवविली नाही तर तडकते. येथे थांबून विचार करण्यास अवसर नसतो. हातालाच विचार करावा लागतो. तंत्र हे कल्पनेवर मागाहून चढविलेले आवरण नसून कल्पना साकार होण्याची ती रीतच होय.

चळवळीचा इतिहासही हेच सुचवितो. पहिल्या शिबिरात काच नीट वितळेना, तेव्हा उद्योगक्षेत्रातील डॉमिनिक लॅबिनो यांनी भट्टीची रचना सुधारून योग्य काच पुरविली. फुंकण्याची रीत दाखविली ती हार्वे लीफग्रीन या निवृत्त कारागिराने. एकट्या कलावंताच्या कलेचा जन्म असा इतरांच्या ज्ञानावर झाला. पुढे लिटल्टन यांच्या उत्तरकालीन कमानदार कृतींत रंगांचे थर पारदर्शक काचेत एकाआड एक बसतात आणि तप्त काचेच्या पडण्यातूनच वळण सिद्ध होते. त्यांतील डौल तंत्रावरील प्रभुत्वाशिवाय संभवत नाही. कलावंताच्या कृतीनेच त्याच्या वचनाचे खंडन केले, असे म्हणणे प्राप्त आहे.

या अंतर्विरोधाला खरे उत्तर मिळाले ते मुरानो बेटाकडून. व्हेनिसच्या काचभट्ट्या १२९१ मध्ये जेथे हलविण्यात आल्या, त्या या बेटावर १९३४ साली जन्मलेले लिनो ताल्यापिएत्रा बालवयातच भट्टीवर उमेदवारी करू लागले. १९७९ मध्ये अमेरिकेतील पिलचक काचशाळेत त्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेले कसब परक्यांपुढे उघड केले. ‘इन्काल्मो’ या रीतीत वेगळ्या रंगांचे दोन तप्त फुगे काठाला काठ भिडवून जोडतात. दोन्ही काठ एकाच मापाचे, दोन्ही फुगे एकाच वेळी तप्त हवेत. म्हणून सहकाऱ्यांचे हात हवेतच. अशा वस्तूतील रंगसंधीची शुद्ध रेषा ही सहकार्याचीच दृश्य खूण ठरते.

तथापि ताल्यापिएत्रा केवळ परंपरेचे वाहक राहिले नाहीत. त्यांच्या ‘डायनोसॉर’ मालिकेतील लांब, वळत जाणाऱ्या मानेची पात्रे उपयुक्ततेचा पाश सोडतात. लिटल्टन यांनी दिलेले स्वातंत्र्य त्यांनी स्वीकारले, पण त्याची किंमत म्हणून परंपरा टाकून दिली नाही. श्वास एकाचा असला तरी हात अनेकांचे असतात, आणि त्या हातांत अनेक पिढ्यांचे शिक्षण मुरलेले असते. कर्तृत्वाचा निर्णय करताना समीक्षेने हे विसरणे योग्य नव्हे.