‘ठेवत नाही’ आणि ‘ठेवूच शकत नाही’

निनावी सेवांच्या जाहिराती मी गोष्टीसारख्या वाचते. त्यांतलं लाडकं पात्र म्हणजे स्वित्झर्लंड: बर्फ, तिजोरी, कडक कायदा.

2021 मध्ये फ्रेंच पोलिसांना पॅरिसच्या हवामान चळवळीतल्या एका ईमेल खात्यामागचा माणूस शोधायचा होता. विनंती युरोपोलमार्फत स्विस यंत्रणेकडे गेली. तिने प्रोटॉनमेलला आदेश दिला आणि कंपनीला त्या खात्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. आयपी नोंदी ठेवत नसल्याचं वाक्य नंतर वेबसाइटवरून गेलं. मेलचा मजकूर मात्र एन्क्रिप्टेड असल्याने कंपनीलाही देता आला नसता.

2023 मध्ये स्वीडिश पोलीस मुल्वाड या व्हीपीएनच्या ऑफिसात वॉरंट घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परतले. तिथे खातं म्हणजे नुसता क्रमांक. नाव नाही, ईमेल नाही.

आपल्याकडे सर्ट-इनने एप्रिल 2022 मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी 5 वर्षं ठेवायला सांगितलं. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले.

म्हणून प्रायव्हसी पॉलिसी वाचताना मी देशाच्या नावाआधी क्रियापद बघते. ‘ठेवत नाही’ हा शब्द दिलेला असतो. एक सरकारी आदेश तो मोडू शकतो. ‘ठेवूच शकत नाही’ ही रचना असते. जाहिराती आपल्याला पहिलं वाक्य दुसऱ्याच्या भावात विकतात.